एका नळीत दहाजण



चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते आणि पंधरवडाभर चालते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाक्याच्या थोडे पुढे, डहाणू तालुक्यात हे गाव आहे. डहाणू, तलासरी, जव्हारकडचे आणि पलीकडे गुजरातच्या हद्दीतले आदिवासी बांधव या यात्रेला हजारोंनी येतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचे तिथल्या देवळात काही काम नसते. परंतु यात्रेत माणसे असतात, आणि माणसे असतील तिथे कार्यकर्त्याला काम असते. भीमजयंतीही त्याच सुमारास येते. अशाच एका मोसमात तिथल्या एका पाड्यावर सिकलसेलच्या तपासणीचे पथक आले होते आणि त्यांना नावे लिहून द्यायला आम्ही चौघेजण गेलो होतो. कारकुनाला दुसरे येते काय! रांग लांब, ऊन कडक, बाया कडेवर पोरे घेऊन उभ्या. बारावी शास्त्र शाखेला असलेला एक वारली मुलगा माझ्या शेजारी बसून आडनावे नीट लिहायला मदत करीत होता. मध्येच त्याने विचारले, "काका, एकेकाचं रक्त वेगळं तपासत बसण्यापेक्षा दहाजणांचं एका नळीत घालून एकदाच का बघत नाहीत? काही निघालं नाही, तर दहाच्या दहा जण सुटले."

पथकातल्या ताईंना त्या गर्दीत उत्तर द्यायला सवड नव्हती. पण प्रश्न खुळचट नव्हता. नेमका हाच प्रश्न १९४३ साली अमेरिकेत एका अर्थशास्त्रज्ञाने कागदावर सोडवला होता आणि त्यातून गणिताची एक अख्खी शाखा उभी राहिली. त्या मुलाला त्या दिवशी मिळायला हवे होते ते उत्तर आज या सदरात द्यायचे आहे. ते उत्तर 'नाही' असे आहे. मात्र ते 'नाही' का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात आपल्या घरातल्या मुलामुलींच्या लग्नाचा प्रश्न गुंतलेला आहे.

त्या अर्थशास्त्रज्ञाचे नाव रॉबर्ट डॉर्फमन. दुसरे महायुद्ध चालू होते. इकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, तेव्हाची ही गोष्ट. डॉर्फमन काही डॉक्टर नव्हता, वॉशिंग्टनला किंमत नियंत्रणाच्या सरकारी कचेरीत काम करणारा माणूस होता. (कचेरीतल्या माणसांना कुणी कमी लेखू नये, म्हणून मुद्दाम सांगतो.) लष्करात भरती होणाऱ्या लाखो तरुणांची गरमी या रोगासाठी, म्हणजे सिफिलिससाठी, रक्ततपासणी होत असे. रोग असणारे शंभरात एखाद-दुसरे. म्हणजे अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव तपासण्या 'काही नाही' एवढे ऐकण्यासाठी व्हायच्या. डॉर्फमनचे म्हणणे असे की, प्रत्येकाच्या नमुन्यातला थोडा भाग घेऊन दहाजणांचा एक एकत्रित नमुना करा. तो स्वच्छ निघाला तर दहाहीजण मोकळे. दोष निघाला तर त्याच दहाजणांच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांची एकेक करून पुन्हा तपासणी करा.

आता वहीत हिशेब मांडू. माणसे शंभर, त्यांत रोगी एक. दहा-दहाचे दहा गट. पहिल्या फेरीत दहा तपासण्या. नऊ गट स्वच्छ, एक गट दोषी. त्या गटातल्या दहाजणांच्या आणखी दहा तपासण्या. एकूण वीस. शंभर तपासण्यांचे काम विसात झाले आणि चूक कुठेही राहिली नाही. डॉर्फमनने यासाठी कोष्टकच दिले होते. शंभरात एक रोगी असेल तर अकराचा गट सर्वांत चांगला, आणि खर्च पाचव्या हिश्शावर येतो. गणितात याला गटचाचणी म्हणतात. सदोष वस्तू हुडकण्यासाठी पुढे कारखान्यांनीही ही कल्पना उचलली. १९५९ साली अमेरिकेच्या बेल टेलिफोन कंपनीच्या संशोधन पत्रिकेत याच विषयावर मोठा लेख आला. गंमत अशी की, लष्कराने मात्र सिफिलिससाठी ही पद्धत प्रत्यक्षात वापरली नाही. कारण पुढे येईलच.

ज्यांनी वाणिज्य शाखेत शिक्षण घेतले आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तेरीजपत्रक जुळत नाही, जमा आणि नावे यांच्या बेरजांत फरक पडतो, तेव्हा हजार नोंदी पहिल्यापासून तपासणारा कारकून नवखा समजावा. जुना कारकून खतावणीचे भाग पाडतो. गिऱ्हाइकांची खाती आडनावांच्या अक्षरांप्रमाणे चार वह्यांत विभागलेली असतील आणि प्रत्येक वहीचे एकूण खाते वेगळे ठेवलेले असेल, तर तीन वह्या जुळतात आणि एक जुळत नाही. मग चूक त्या एका वहीत. बाकीच्या तीन वह्या बंद करून कपाटात टाकायच्या. पुस्तकात याला स्वयंसंतुलित खतावणी असे भारदस्त नाव आहे.

जयंतीच्या मंडपाला रोषणाई करणारा वायरमन तर दरवर्षी हेच करतो. जुन्या पद्धतीच्या माळेत एक दिवा गेला की पुढून-मागून सगळी माळ विझते. चौसष्ट दिव्यांची माळ असेल आणि एकच दिवा गेलेला असेल, तर तो पहिल्या दिव्यापासून सुरुवात करीत नाही. मधोमध टेस्टर लावून बघतो. तिथवर वीज येत असेल तर दोष पुढच्या बत्तीसांत, नसेल तर मागच्या बत्तीसांत. मग सोळा, आठ, चार, दोन, एक. सहा वेळा टेस्टर लावला की गेलेला दिवा हाती येतो. चौसष्टऐवजी सहा! दिवे दुप्पट केले, एकशे अठ्ठावीस, तर फक्त एक तपासणी वाढते. घरच्या मुलांना हे जरूर करून दाखवावे. पण विजेवर नव्हे, एक ते चौसष्ट आकडे लिहून. मनात धरलेला आकडा 'निम्म्याहून मोठा की लहान' असे विचारीत सहा प्रश्नांत ओळखता येतो.

इथवर सगळे गोड आहे. आता कडू भाग.

शंभरात एक रोगी असेल तर वीस तपासण्या. पण शंभरात दहा असतील तर? सगळे रोगी एकाच गटात मुकाट्याने जाऊन बसणार नाहीत, ते विखुरलेले असणार. एका माणसाला दोष नसण्याची शक्यता दहात नऊ. दहाजणांच्या गटात एकालाही दोष नसण्याची शक्यता काढायची तर नऊ दशांश हा आकडा दहा वेळा गुणावा लागतो. उत्तर येते शंभरात सुमारे पस्तीस. म्हणजे दहा गटांपैकी साडेतीनच स्वच्छ निघतील आणि साडेसहा गट पुन्हा तपासावे लागतील. दहा आणि पासष्ट, एकूण पंच्याहत्तर. गट चारचा केला तर साठपर्यंत खाली येते. शंभरात वीसजणांना दोष असेल तर दहाच्या गटाने नव्व्याण्णव तपासण्या लागतात, म्हणजे बचत एका तपासणीची. तीसजणांना असेल तर एकशे सात! साधी एकेकाची तपासणी शंभरात झाली असती, आणि आपण हुशारी करून सात जास्त केल्या. १९६० साली अंगार नावाच्या गणितज्ञाने तर सिद्धच केले की, दोषाचे प्रमाण शंभरात सुमारे अडतीसच्या वर गेले तर कसेही गट पाडा, एकेकाला तपासण्यापेक्षा स्वस्त काही होऊच शकत नाही.

म्हणून गटचाचणीचे पहिले कलम असे की, दोष विरळा असला पाहिजे. दोष किती पसरला आहे याचा अंदाज आधी हवा, गट मागाहून.

आता विवळवेढ्याच्या त्या रांगेकडे येऊ. सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन जनुक मुलाला मिळतात. त्यांतला एकच सदोष असेल तर तो माणूस वाहक. वाहकाला साधारणपणे काही त्रास नसतो. तो शेतात राबतो, कारखान्यात पाळी करतो, त्याला कळतही नाही. दोन्ही सदोष असतील तर मात्र तो रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात आणि रक्त वरचेवर कमी होते. महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण शंभरात दहा आणि काही ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त आढळले आहे. हे फक्त आदिवासींचे दुखणे आहे असेही कुणी समजू नये. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजात ते मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूरकडच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रिकेत मध्य भारतातील सिकलसेलवर लिहिले होते. मुंबई-ठाणे-कल्याणच्या वस्त्यांत विदर्भातून आलेली आपली कुटुंबे थोडी नाहीत. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

मग दहाजणांचे रक्त एका नळीत का नाही? पहिले कारण वर आलेच. दहात एक वाहक असेल अशा पाड्यात गट पाडून फारसे हाती लागत नाही. दुसरे कारण नळीतले आहे. शिबिरात जी प्राथमिक तपासणी होते तिला विद्राव्यता चाचणी म्हणतात. बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीच्या मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते बघतात. द्रावण गढूळ झाले, रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. वाहकाच्या रक्तात असे हिमोग्लोबिन शंभरात पस्तीस-चाळीस भाग असते. त्याच्या रक्तात नऊ निरोग्यांचे रक्त मिसळले की ते चार भागांवर येते. इतक्या कमीने द्रावण पुरेसे गढूळ होत नाही. रेघा स्वच्छ दिसतात, दहाहीजणांना 'काही नाही' असे सांगितले जाते, आणि त्यांतला वाहक निर्धास्त घरी जातो. शिवाय वेगवेगळ्या रक्तगटांचे रक्त एकत्र केले तर गुठळ्या होतात ते निराळेच. मिश्रणात दोष पातळ होऊन लपतो, ही गटचाचणीची सर्वांत मोठी खोट. अमेरिकन लष्कराचे गाडेही इथेच अडले होते. आठ-नऊ जणांच्या मिश्रणात त्या वेळची सिफिलिसची चाचणी भरवशाची राहत नव्हती.

तिसरे कारण गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही. बोटातून काढलेला थेंब नळीत गेला की संपला, राखून ठेवायला काही उरत नाही. गट दोषी निघाला तर त्या दहाजणांना पुन्हा बोलवावे लागणार. पुन्हा यायचे म्हणजे रोज बुडवायचा. पालघर जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर निघून जातात. दुसऱ्या वेळी त्यांतले किती भेटतील? नळी वाचवायची आणि माणूस गमवायचा, हा हिशेब कुठल्याही तेरजेत बसत नाही. तेव्हा ताईंनी एकेकाच्या बोटाला सुई टोचली, तेच बरोबर होते. ज्यांच्या नळ्या गढूळ निघतात त्यांचे रक्त पुढे प्रयोगशाळेत पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने वाहक की रुग्ण हे ठरवतात. शिबिरातल्या नळीवरून ते कळत नाही. म्हणून नुसत्या शिबिराच्या चिठ्ठीवर कुणी स्वतःला रुग्ण म्हणवून घेऊ नये, आणि दुसऱ्यानेही म्हणू नये.

गटचाचणी चालली कुठे, तर करोनाच्या साथीत. २०२० च्या एप्रिलमध्ये देशभर टाळेबंदी होती. तपासणीची रसायने मिळत नव्हती. १३ एप्रिल २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सूचना काढली की, घशातले-नाकातले नमुने एकत्र करून आरटी-पीसीआर तपासणी करता येईल, पण एका मिश्रणात पाचपेक्षा जास्त नमुने शक्यतो नकोत. जिथे बाधितांचे प्रमाण शंभरात दोनच्या आत आहे तिथे ही पद्धत वापरावी. दोन ते पाच असेल तर फक्त लक्षणे नसलेल्यांच्या पाहणीसाठी. पाचच्या वर असेल तर वापरू नये. आता डॉर्फमनचे कोष्टक आठवा. हे आकडे कुणाच्या मर्जीने आलेले नाहीत, हे लगेच लक्षात येईल. पुढच्या महिन्यांत मुंबईसारख्या शहरात बाधितांचे प्रमाण पाचच्या खूप वर गेले आणि तिथे ही युक्ती निरुपयोगी झाली.

पातळ होण्याचे काय? पीसीआर यंत्र विषाणूचा अंश प्रत्येक फेरीत दुप्पट करते, आणि अशा चाळीसपर्यंत फेऱ्या होतात. पाच नमुन्यांच्या मिश्रणात विषाणू पाचव्या हिश्शावर आला तरी दोन-सव्वादोन फेऱ्या जास्त झाल्या की तूट भरून निघते. विद्राव्यता चाचणीत अशी दुप्पट करण्याची सोय नाही. एकच कल्पना एका नळीत चालते आणि दुसरीत चालत नाही, ती यामुळे. काही रक्तपेढ्यांत दात्यांचे रक्त एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंसाठी तपासतानाही नमुन्यांची अशीच मिश्रणे करतात. तिथेही दोष विरळा आणि यंत्र दुप्पट करणारे, म्हणून ते जमते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. डॉर्फमनच्या पद्धतीत दोन फेऱ्या आहेत. गट स्वच्छ निघाला तर गटातला प्रत्येकजण स्वच्छ, हे पक्के. पण गट दोषी निघाला तर गटातला प्रत्येकजण दोषी, असे गणित कधीही म्हणत नाही. ते एवढेच म्हणते की, यांत कुणीतरी एक तरी आहे. आता एकेकाला तपासा. दुसरी फेरी गाळली की ते गणित राहत नाही, तो नुसता शिक्का होतो.

आपल्या देशात पहिल्याच फेरीवर निकाल देण्याची जुनी खोड आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कुणी चोरी केली आणि कुणी केली नाही हे बघण्याची गरजच उरली नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. तिथे पोरासोरांसकट सगळ्यांची हजेरी घेत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या, त्याला आज सत्तर वर्षे उलटून गेली. तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. जातिव्यवस्था तरी दुसरे काय करते? ती पहिली फेरीसुद्धा घेत नाही. करोनाच्या काळात एका चाळीत एक रुग्ण निघाला की अख्खी चाळ 'बाधित' म्हणून ओळखली जाई आणि तिथल्या घरकाम करणाऱ्या बायांची कामे सुटत. त्यांतल्या किती जणींना कोण तपासायला आले होते?

आणि आपणही या बाबतीत फार शहाणे नाही. सोयरिकीच्या बैठकीत "त्या घरात सिकल आहे" एवढ्या एका वाक्यावर मुली नाकारल्या जातात. घर म्हणजे गटच. थोरला मुलगा रुग्ण निघाला, म्हणजे आई-बाप दोघेही बहुधा वाहक. पण धाकट्या मुलीचे काय? चार चिठ्ठ्या समजा. एका चिठ्ठीवर पूर्ण निरोगी, दोहोंवर वाहक, एकीवर रुग्ण. प्रत्येक बाळंतपणाला चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात आणि एक उचलली जाते. म्हणून 'चारांतला एक होऊन गेला, आता पुढची तीन सुखरूप' हे जसे चूक, तसे 'भावाला आहे म्हणजे बहिणीलाही असणारच' हेही चूक. ती मुलगी पूर्ण निरोगी असू शकते. ते तिची स्वतःची तपासणी सांगेल, भावाचा कागद सांगणार नाही. ती वाहक निघाली तरी तिचे लग्न अडण्याचे कारण नाही. नवरा मुलगा वाहक किंवा रुग्ण नसला की तिच्या पोटी या रोगाचे मूल जन्माला येण्याची भीती नाही. तेव्हा तपासायचे दोघांना, आणि तपासायचे ते कुंकू-साखरपुड्याच्या आधी. मुलीचा कागद मागणाऱ्या मुलाच्या बापाने आधी आपल्या मुलाचा कागद पुढे ठेवावा, असे मी दोन-तीन बैठकींत सांगितले. सगळ्यांना आवडले असे नाही.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. सात कोटी बोटे, एकेक करून! त्या मुलाची युक्ती इथे चालली असती तर किती बरे झाले असते, असे क्षणभर वाटते. पण नाही चालत. मोहिमेत तपासलेल्याला कार्ड मिळते. ते जन्माच्या दाखल्याइतकेच जपून ठेवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. आपल्या विहारात महिला मंडळाची सभा असते तेव्हा आरोग्यसेविका ताईंना अर्धा तास बोलवायला काही हरकत नाही.

शेवटी मुलांसाठी थोडे. करोनाच्याच काळात पवईच्या आयआयटीतील मनोज गोपालकृष्णन, अजित राजवाडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'टॅपेस्ट्री' नावाची पद्धत बसवली. तिचा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. डॉर्फमनच्या पद्धतीत पहिल्या फेरीचा निकाल येईपर्यंत थांबावे लागते. यांनी प्रत्येक नमुना एकाऐवजी तीन वेगवेगळ्या मिश्रणांत घातला. एकशे पाच नमुने, पंचेचाळीस मिश्रणे, प्रत्येक मिश्रणात सातजण. सगळी मिश्रणे एकदमच तपासायची. कोणती मिश्रणे दोषी निघाली, त्यांत विषाणू किती होता, यावरून संगणक माणूस ओळखतो. अर्थात बाधित थोडे असतील तरच. कोणता नमुना कुठे घालायचा याची मांडणी त्यांनी १८५० सालच्या एका कोड्यातून घेतली. कर्कमन नावाच्या इंग्रज पाद्र्याने ते घातले होते. शाळेतल्या पंधरा मुली सात दिवस रोज तिघी-तिघींच्या रांगेने फिरायला जातात. कोणत्याही दोघी दुसऱ्यांदा एका रांगेत येऊ नयेत, तर रांगा कशा लावाव्यात?

ते कोडे अवघड आहे. आपण सोपे घेऊ. दूध संकलन केंद्रावर सात कॅन आले. त्यांतल्या एकात पीठ मिसळलेले आहे. उकळून थंड केलेल्या दुधात आयोडीनचे थेंब टाकले की पीठ असलेले दूध निळे पडते. नळ्या तीनच आहेत: क, ख, ग. क ची किंमत एक, ख ची दोन, ग ची चार. पहिल्या कॅनचे दूध फक्त क मध्ये घाला, दुसऱ्याचे ख मध्ये, तिसऱ्याचे क आणि ख मध्ये, कारण एक आणि दोन तीन. चौथ्याचे ग मध्ये, पाचव्याचे क आणि ग मध्ये, सहाव्याचे ख आणि ग मध्ये, सातव्याचे तिन्ही नळ्यांत. आता ज्या नळ्या निळ्या पडतील त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे खोट्या कॅनचा क्रमांक. क आणि ग निळ्या झाल्या, तर पाचवा कॅन. सात कॅन, तीन नळ्या, एकच फेरी.

पुढच्या अंकासाठी दोन प्रश्न. कॅन पंधरा असतील तर नळ्या किती लागतील, आणि अकराव्या कॅनचे दूध कोणकोणत्या नळ्यांत घालावे लागेल? दुसरा प्रश्न आठवीच्या पुढच्यांसाठी: सात कॅनच्या खेळात एकाऐवजी पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही कॅनमध्ये पीठ असेल, तर नळ्या कुणाचे नाव घेतील? उत्तरे आपले नाव, इयत्ता आणि विहाराचे नाव लिहून साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावीत.